‘ब्राउनिंग हाय पॉवर’ पिस्तूल : रचना, कर्तृत्व आणि सेवा

१.

शस्त्रांच्या इतिहासाकडे आपल्या विद्यापीठीय अभ्यासकांचे लक्ष प्रायः युद्धांच्या निमित्ताने जाते. शस्त्र ही स्वतंत्रपणे वाचावयाची एक कृती आहे, तिला पूर्वपरंपरा असते, पाठभेद असतात, कर्ता असतो आणि कधीकधी कर्त्याविषयी वादही असतो, ही दृष्टी आपल्याकडे अजून पुरेशी रुजलेली नाही. परिणामी शस्त्रांविषयीचे लेखन बहुधा दोन टोकांस जाते. एकीकडे निव्वळ मापांच्या याद्या असतात, तर दुसरीकडे निव्वळ गौरव असतो. प्रस्तुत निबंधात एका सुप्रसिद्ध लष्करी पिस्तुलाची चिकित्सा या दोहोंपासून दूर राहून करावयाची आहे.

हे पिस्तूल म्हणजे बेल्जियममधील लिएज शहरालगतच्या हेर्स्ताल येथील एफ.एन. कारखान्याने १९३५ साली सिद्ध केलेले ९ मिलिमीटर व्यासाचे ‘ब्राउनिंग हाय पॉवर’ होय. पन्नासाहून अधिक देशांच्या सैन्यांत वा पोलीसदलांत ते वापरले गेले. आपल्या देशातही इशापूरच्या कारखान्यात त्याची आवृत्ती निघाली. त्यामुळे विषय परका असला तरी परकाच नव्हे.

त्याच्याविषयी तीन प्रश्न उपस्थित होतात. पहिला कर्तृत्वाचा. ज्याच्या नावाने हे पिस्तूल ओळखले जाते तो जॉन मोझेस ब्राउनिंग १९२६ मध्येच निवर्तला होता. मग नऊ वर्षांनंतर प्रकट झालेल्या कृतीवर त्याचे नाव कोणत्या अधिकाराने आहे? दुसरा रचनेचा. या पिस्तुलाचे गुण आणि दोष परस्परांपासून वेगळे करता येतात काय? तिसरा सेवेचा. ज्याचा इतका गौरव झाला त्याचे अनुकरण इतरांनी दीर्घकाळ का केले नाही? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत, असे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

२.

पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्सच्या सैन्यास नवे पिस्तूल हवे होते. त्या मागणीतील अटी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. मॅगझिनमध्ये किमान १० काडतुसे मावावीत. वजन एक किलोग्रॅमहून अधिक नसावे. ५० मीटर अंतरावर गोळी प्राणघातक ठरावी. घोडा बाहेर दिसणारा असावा. खात्रीची सुरक्षा-कळ असावी. आणि मॅगझिन काढून घेतले असता पिस्तूल उडू नये. खोलणे-जोडणे सोपे असावे हेही अर्थात आलेच. या मागणीस फ्रेंचमध्ये ‘ग्रांद रांदमां’, म्हणजे मोठी निष्पत्ती देणारे शस्त्र, असे म्हणत. ‘ग्रांद प्युइसांस’, म्हणजे मोठी शक्ती, असाही पर्याय रूढ होता, आणि पुढे तोच टिकला.

एफ.एन.ने हे काम ब्राउनिंगकडे सोपविले. अमेरिकेतील युटा प्रांतात ऑग्डेन येथे १८५५ साली जन्मलेल्या या शिल्पकाराचे नाव तोवर जगभर झाले होते, आणि एफ.एन.शी त्याचा संबंध एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनचा होता. परंतु येथे एक चमत्कारिक अडचण होती. १९११ साली अमेरिकन सैन्याने स्वीकारलेल्या त्याच्याच .४५ पिस्तुलाचे हक्क त्याने कोल्ट कंपनीस दिले होते. त्या पेटंटांची मुदत संपेपर्यंत ब्राउनिंगला स्वतःच्या सर्वोत्तम कृतीतील युक्त्या एफ.एन.साठी वापरण्याची मुभा नव्हती. लेखकाने स्वतःच्याच ग्रंथातील वाक्य उद्धृत करू नये असा दंडक घालावा, तसा हा प्रकार होता.

त्याने दोन नमुने केले. एकात स्लाइड केवळ वजन आणि स्प्रिंग यांच्या बळावर मिटलेला राहत असे. दुसऱ्यात नळी व स्लाइड प्रत्याघाताच्या प्रारंभी एकमेकांत अडकलेले राहत. दुसरा नमुना पुढील कामासाठी निवडण्यात आला. त्याच्या पेटंटासाठी २८ जून १९२३ रोजी अर्ज झाला, आणि ते २२ फेब्रुवारी १९२७ रोजी मंजूर झाले. ते पाहावयास ब्राउनिंग राहिला नाही. २६ नोव्हेंबर १९२६ रोजी लिएज येथे, एफ.एन.च्याच वास्तूत, हृदयविकाराने त्याचा अंत झाला.

या टप्प्यावर कृती कोठे होती? ती अपूर्ण होती. १९२३ च्या नमुन्यात बाहेरचा घोडाच नव्हता. काडतुसाच्या टोपीवर आघात करणारी सुई स्लाइडच्या आत दडलेली होती. म्हणजे फ्रेंच मागणीतील एक स्पष्ट अट त्याने पाळलेली नव्हती. ही गोष्ट गौरवपर लेखनात सहसा वगळली जाते. वस्तुतः कर्तृत्वाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तीतच आहे.

पुढचे काम द्यूदोने सेव्ह या बेल्जियन अभियंत्याने केले. १९२८ मध्ये कोल्टच्या पेटंटांची मुदत संपताच त्याने १९११ च्या पिस्तुलातील युक्त्या या नमुन्यात आणल्या. १९३१ पर्यंत मुठीचा मागील भाग तळहाताच्या वळणास अनुरूप झाला, मॅगझिन आखूड होऊन १३ काडतुसांचे झाले, आणि नळीच्या तोंडाशी असणारी सुटी बुशी स्लाइडमध्येच अंतर्भूत झाली. १९३४ मध्ये रचना पूर्ण झाली आणि १९३५ मध्ये बेल्जियमच्या सैन्याने ती स्वीकारली. ज्या फ्रान्सने मागणी केली होती त्याने मात्र आपल्याच देशातील १९३५ चे ७.६५ मिलिमीटरचे पिस्तूल पसंत केले. त्यात अवघी ८ काडतुसे मावत!

३.

आता कर्तृत्वाचा विचार करू. वर सांगितलेला इतिहास वाचून कोणी म्हणेल की, ब्राउनिंगने पाया घातला आणि सेव्हने कळस चढविला; यात वाद तो कसला? संस्कृत वाङ्मयाच्या अभ्यासकास येथे बाणभट्टाच्या ‘कादंबरी’चे स्मरण होईल. पित्याच्या निधनानंतर उत्तरभाग पुत्राने रचला, तरी ग्रंथ बाणाचाच मानला जातो. मात्र आपली समीक्षा पूर्वभाग व उत्तरभाग यांची गल्लत करीत नाही. पुत्राचे ऋण ती वेगळे नोंदविते. शस्त्रांच्या इतिहासात एवढीदेखील काळजी घेतली गेलेली नाही.

परंतु हे साम्य एका मर्यादेपलीकडे नेता येत नाही, आणि तेथेच या प्रकरणाचे खरे वैशिष्ट्य आहे. ‘कादंबरी’चे बीज बाणाचे होते. या पिस्तुलाचे बीज मात्र सेव्हचे आहे. या पिस्तुलाची मुख्य कल्पना म्हणजे मुठीत दोन ओळींत, एकाआड एक, नागमोडी बसणारी काडतुसे. मॅगझिनच्या तोंडाशी येताना या दोन ओळींची एक होते, आणि त्यामुळे काडतूस नेहमी मध्यरेषेवरूनच नळीत शिरते. हे मॅगझिन सेव्हने ब्राउनिंगच्या नमुन्यांपूर्वी एफ.एन.मध्ये तयार केले होते, आणि ब्राउनिंगचे दोन्ही नमुने त्या मॅगझिनभोवती रचलेले होते. म्हणजे शिष्याने गुरूचे कार्य पूर्ण केले, एवढेच म्हणून भागत नाही. शिष्याच्या कल्पनेवर गुरूने इमारत उभारावयास घेतली, आणि ती गुरूच्या पश्चात पुन्हा शिष्याच्याच हाती आली.

तथापि सेव्हच्या बाजूने बोलतानाही अतिशयोक्ती टाळली पाहिजे. नागमोडी मांडणी त्याने प्रथम शोधली असे नव्हे. १८९६ च्या जर्मन माउझर पिस्तुलात १० काडतुसे अशीच बसत. फक्त ते मॅगझिन मुठीत नसून चापाच्या पुढे, पक्के जडविलेले होते. अमेरिकेतील सॅव्हेज कंपनीच्या १९०७ च्या पिस्तुलात तर ७.६५ मिलिमीटरची १० काडतुसे मुठीतच दुहेरी मांडलेली होती. ‘दुहेरी मॅगझिनचे पहिले पिस्तूल’ हे ‘हाय पॉवर’चे वर्णन म्हणूनच चुकीचे आहे. सेव्हचे यश यापेक्षा नेमके आहे. ९ मिलिमीटर पॅराबेलमसारखे लांब व जोरकस लष्करी काडतूस त्याने दुहेरी मांडणीत बसविले, आणि तसे करूनही मूठ सामान्य माणसाच्या हातात मावेल अशी राखली. शोध लहान वाटतो. परंतु ज्याने हातात सॅव्हेज वा माउझर घेऊन मग हे पिस्तूल घेतले असेल, त्यास त्यातील अंतर समजावून सांगावे लागत नाही.

ब्राउनिंगचा वाटाही उघड आहे. १९११ च्या पिस्तुलातून आलेले सारे त्याचेच होते. स्लाइडने नळीस वरून वेढणे, नळीवरील उंचवटे स्लाइडच्या खाचांत अडकणे, प्रत्याघाताने दोघांनी थोडे अंतर बरोबर मागे जाणे आणि मग नळीचे मागचे टोक खाली उतरून अडकण सुटणे, हा सारा क्रम त्याच्याच प्रतिभेचा. सेव्हने १९२८ नंतर जे उसने घेतले तेही ब्राउनिंगकडूनच. तेव्हा निवाडा असा द्यावा लागतो की, या कृतीचे व्याकरण ब्राउनिंगचे आहे, परंतु तिचा विषय आणि तिची अंतिम वाक्यरचना सेव्हची आहे. १९२८ च्या मधल्या नमुन्यास ‘सेव्ह–ब्राउनिंग’ असे जोडनाव होते. तेच न्याय्य होते. बाजारात मात्र जोडनावातील अर्धे गळाले. कीर्ती असलेले नाव विकले जाते आणि कीर्ती नसलेले पडते, हा व्यापाराचा नियम झाला. तो इतिहासाचा नियम होऊ देणे हा अभ्यासकाचा दोष होय.

४.

रचनेकडे वळताना एक गोष्ट आरंभीच सांगावयास हवी. या पिस्तुलातील बहुतेक गुण आणि बहुतेक दोष एकाच निर्णयातून, म्हणजे रुंद मॅगझिनाच्या स्वीकारातून, उद्भवले आहेत.

१९११ च्या पिस्तुलात चाप सरळ मागे सरकतो आणि त्याला जोडलेली धनुष्याकृती पट्टी मॅगझिनच्या दोन्ही बाजूंनी मागे जाऊन घोडा अडवून धरणाऱ्या कडीवर दाब देते. ७ काडतुसांच्या एकेरी मॅगझिनभोवती अशी पट्टी सहज मावते. १३ काडतुसांच्या जाड मॅगझिनभोवती ती नेली असती, तर मूठ आणखी फुगली असती. म्हणून येथे चापाची गती बाजूने न नेता वर नेली आहे. चाप ओढला की एक उभा दांडा वर उचलला जातो. तो स्लाइडमध्ये बसविलेल्या आडव्या तरफेचे पुढचे टोक वर ढकलतो. तरफेचे मागचे टोक खाली येऊन कडी दाबते, आणि घोडा सुटतो. स्लाइड मागे गेला की तरफही त्याच्याबरोबर मागे जाते, त्यामुळे चाप व कडी यांचा संबंध आपोआप तुटतो. एका ओढीत एकच गोळी सुटावी यासाठी निराळा भाग योजण्याची गरज त्यामुळे फारशी उरत नाही. अडचणीतून निघालेली ही वाट अत्यंत सुबक आहे. परंतु गती इतक्या वळणांनी गेल्यामुळे १९११ च्या चापाचा स्वच्छ, नेमका स्पर्श येथे राहिला नाही, हेही तितकेच खरे.

नळी खाली उतरविण्याची युक्तीही बदलली. १९११ मध्ये हे काम नळीखाली टांगलेला एक लहानसा झुलता दुवा करतो. ‘हाय पॉवर’मध्ये नळीखालच्या भरीव भागात तिरपी खाच कोरलेली असून ती सांगाड्यातील कठीण केलेल्या आडव्या दांडीवर घसरते. हलणारा एक भाग कमी झाला आणि मजबुती वाढली. १९३५ नंतरच्या कित्येक पिस्तुलांनी दुवा सोडून हीच वाट धरली. या रचनेचा सर्वांत दूरगामी वारसा मॅगझिनाइतकाच या खाचेतही आहे.

आता दोषांकडे. पहिला आणि सर्वाधिक टीका झालेला दोष म्हणजे मॅगझिन नसताना चाप निकामी करणारी योजना. चापात बसविलेला एक लहान तुकडा मॅगझिनच्या पुढच्या पृष्ठावर टेकलेला असतो. तो आधार नसेल तर दांडा तरफेखाली येत नाही. कल्पना अपघात टाळण्याची आहे. मॅगझिन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले, असे समजणाऱ्याच्या हातून नळीत राहिलेले काडतूस उडू नये, हा तिचा हेतू. परंतु चाप ओढताना हा तुकडा दर वेळी मॅगझिनवर घासतो. त्यामुळे ओढ जड व खरखरीत होते, आणि मॅगझिनही कळ दाबताच मोकळेपणी खाली पडत नाही. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की, ही अट फ्रान्सची होती. मागणाऱ्याने पाठ फिरविली. मागणी मात्र पिस्तुलाच्या पोटात कायमची राहिली. नाकारलेल्या ग्राहकाची एक अट एखादी वस्तू ऐंशी वर्षे वागविते, याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

दुसरा दोष सुरक्षा-कळीचा. मूळची कळ इतकी लहान व अरुंद होती की, अंगठ्याने ती झटकन फिरविणे अवघड जाई. आणि या पिस्तुलात तर प्रत्येक गोळीपूर्वी घोडा उभारलेला असावाच लागतो. जर्मनीच्या १९३८ च्या वॉल्थर पिस्तुलाप्रमाणे नुसता चाप ओढून पहिली गोळी सोडण्याची सोय येथे नाही. म्हणजे घोडा उभारून कळ लावणे हीच सज्जतेची एकमेव रीत. आणि नेमकी तीच कळ दुबळी. तिसरा दोष वापरणाऱ्याच्या अंगावर उमटणारा आहे. मागे येणारा घोडा अंगठा व तर्जनी यांमधील कातडीस चिमटा घेतो. कळ व घोडा यांत पुढे सुधारणा झाल्या, १९६२ मध्ये रिकामे काडतूस खेचणारा आकडा आतून बाहेर आला, आणि १९८० च्या दशकात दुसरी व तिसरी सुधारित आवृत्ती निघाली. मूळ चौकट मात्र बदलली नाही.

नावाविषयीही येथेच बोलले पाहिजे. ‘हाय पॉवर’ या शब्दांनी गोळीची शक्ती सूचित होते. परंतु गोळी तर गेओर्ग लुगरच्या पिस्तुलासाठी विसाव्या शतकाच्या आरंभीच सिद्ध झालेली होती. तिच्यात ‘हाय पॉवर’ने काहीच भर घातली नाही. वाढली ती संख्या. ‘मोठी निष्पत्ती’ हे फ्रेंच मागणीचे दुसरे नाव म्हणूनच अधिक सत्य होते. सुरुवातीच्या काही प्रतींवर ५०० मीटरपर्यंतच्या खुणांची नेमपट्टी आणि मागे लाकडी दस्ता जोडण्याची खाच होती. पिस्तुलाने अर्धा किलोमीटर अंतरावर नेम धरावा ही अपेक्षा रचनेतून उपजलेली नसून नावाच्या मोहातून आणि जुन्या घोडदळी कल्पनांतून आलेली होती. तिच्याविषयी फार बोलण्याचे कारण नाही. सैन्यांनीच ती यथाकाल सोडून दिली.

५.

सेवेचा इतिहास १९४० च्या मे महिन्यात एकदम वेगळे वळण घेतो. जर्मन सैन्याने बेल्जियम व्यापला आणि हेर्स्तालचा कारखाना त्याच्या ताब्यात गेला. तेथे आक्रमकांसाठी ‘पिस्तूल ६४० (बी)’ या नावाने हेच शस्त्र निघू लागले. १९४४ पर्यंत त्याची संख्या तीन लाखांच्या पलीकडे गेली. याच सुमारास एफ.एन.चे काही अभियंते इंग्लंडमध्ये निसटून आले होते. त्यांत सेव्हही होता. त्यांनी तेथे आराखडे पुन्हा सिद्ध केले, आणि कॅनडात टोरोंटो येथील जॉन इंग्लिस कंपनीने १९४४–४५ मध्ये सुमारे दीड लाख पिस्तुले घडविली. मूळ मागणी चीनच्या राष्ट्रवादी सरकारची होती. चिनी प्रतींना लांब नेमपट्टी व दस्ता होता. साध्या नेमाच्या प्रती कॅनडा आणि ब्रिटन यांच्या सैनिकांकडे गेल्या. एकच पिस्तूल एकाच युद्धात दोन्ही बाजूंनी, दोन खंडांत, एकाच वेळी घडविले जात होते. शिल्पकार एका बाजूस आणि त्याचा कारखाना दुसऱ्या बाजूस, अशी ही स्थिती होती.

युद्धानंतर १९५४ मध्ये ब्रिटिश सैन्याने रिव्हॉल्व्हर बाजूस ठेवून हे पिस्तूल स्वीकारले आणि २०१३ मध्ये ग्लॉक येईपर्यंत ते ठेवले. कॅनडाने तर युद्धकाळातील इंग्लिस पिस्तुले एकविसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापर्यंत वापरली. अर्जेंटिनात रोझारिओ येथे १९६९ पासून त्याचे उत्पादन होऊ लागले. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटन आणि अर्जेंटिना या दोन्ही सैन्यांच्या हाती ‘हाय पॉवर’ पिस्तूल होते; एवढेच नव्हे, तर दोघांच्या खांद्यावरील रायफलही एफ.एन.च्या ‘फाल’ रायफलचीच रूपे होती. ‘फाल’चा प्रमुख शिल्पकार कोण? तोही सेव्हच. ज्याचे नाव दोहोंपैकी एकाही शस्त्रावर नाही, त्याचीच शस्त्रे त्या बेटांवर समोरासमोर उभी ठाकली होती.

आता तिसरा प्रश्न. इतक्या उपयुक्त मॅगझिनाचे अनुकरण इतरांनी का केले नाही? १९३३ चे सोव्हिएट तोकारेव्ह, १९३५ चे पोलिश ‘व्हिस’, १९३८ चे जर्मन वॉल्थर, १९४९ चे स्विस पी–२१० आणि १९५१ चे सोव्हिएट माकारोव्ह या साऱ्यांत ८ काडतुसेच होती. याचे कारण यंत्रात नसून सैन्याच्या मनात शोधावे लागते. विसाव्या शतकाच्या मध्यास पिस्तूल हे लढाईचे शस्त्र असण्यापेक्षा अधिकाराचे चिन्ह अधिक होते. निकराच्या लढाईसाठी सबमशीनगन हाती आलेली असताना, अधिकाऱ्याच्या कमरेस ८ गोळ्या आहेत की १३ याची चिंता कोणास नव्हती. जेथे पिस्तूल खरोखर वापरावे लागे, अशा छत्रीधारी तुकड्या, कमांडो आणि गुप्त कारवाया करणारे लोक, यांनी मात्र ते आवडीने जवळ केले. १९७५ च्या चेकोस्लोव्हाक सीझेड–७५ पिस्तुलाने दुहेरी मॅगझिन आणि तिरप्या खाचेची नळी ‘हाय पॉवर’कडून घेतली, त्यांत चापानेच पहिली गोळी सोडण्याची सोय मिळविली, आणि त्यानंतर सर्वांनीच ती वाट धरली. १९८५ मध्ये अमेरिकन सैन्याने स्वीकारलेल्या बेरेटात १५ काडतुसे होती. सेव्हची कल्पना सर्वमान्य होण्यास पन्नास वर्षे लागली, आणि ती सर्वमान्य होताच तिचे मूळ रूप जुने ठरले.

भारताचा संबंध येथे येतो. बंगालमधील इशापूर रायफल कारखान्याने इंग्लिसच्या नमुन्यावरून ‘पिस्टल ऑटो ९ एमएम १ए’ घडविले. त्याची काडतुसे पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यातही निघाली. त्यांच्या बुडावरील ‘के.एफ.’ ही मोहोर आपल्याकडील जाणकारांस परिचित आहे. याच इशापूरहून ‘फाल’वर आधारलेली १ए१ स्वयंभरण रायफलही भारतीय जवानांस मिळाली होती. म्हणजे एके काळी आपल्या सैन्यातील रायफल आणि पिस्तूल ही दोन्ही एकाच बेल्जियन शिल्पकाराच्या विचारातून आली होती. इशापूरच्या पिस्तुलास ‘नक्कल’ म्हणून हिणविणारे हे विसरतात की, टोरोंटोची प्रतही प्रतच होती, आणि हेर्स्तालची मूळ कृतीदेखील १९११ च्या पिस्तुलाची ऋणी होती. प्रत करणे हा दोष नव्हे. मूळ न समजता प्रत करणे हा दोष. आणि जेथे चापाची खरखर, लहान कळ यांसारखे ज्ञात दोष जसेच्या तसे उतरले, तेथे ही टीका आपल्यासही लागू पडते.

६.

एवंच, ‘हाय पॉवर’ हे निर्दोष पिस्तूल नव्हे, आणि त्याचे नाव तर दुहेरी फसवे आहे. ‘हाय पॉवर’ म्हणताना संख्येच्या जागी शक्ती आणि ‘ब्राउनिंग’ म्हणताना दोघांच्या जागी एकच कर्ता सांगितला जातो. परंतु एक उत्तम कल्पना निश्चयाने धरून तिचे सारे परिणाम, सुखद आणि दुःखद, स्वीकारणारी ही कृती आहे, आणि म्हणूनच ती अभ्यासास योग्य आहे. २०१८ च्या सुमारास हेर्स्तालने मूळ पिस्तुलाचे उत्पादन थांबविले. २०२२ मध्ये त्याच नावाने निराळ्या रचनेचे नवे पिस्तूल बाजारात आले. नाव पुन्हा टिकले, कृती पुन्हा बदलली; सेव्ह मात्र या वेळीही नावात आला नाही.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी यातून एक धडा घ्यावा असे सुचवावेसे वाटते. शस्त्रावरील मोहोर वाचून त्याचा इतिहास लिहू नये. पेटंटाची तारीख, नमुन्यांचा क्रम आणि प्रत्येक भागाचे कारण एकापुढे एक मांडून पाहावे. तसे केले म्हणजे मोहोर काय सांगते यापेक्षा ती काय वगळते हे अधिक स्पष्ट दिसते, आणि इतिहासलेखनाचे पुष्कळसे काम तेथूनच सुरू होते.